पॉली उम्रीगर आणि कीर्तिमंदिराचा उंबरठा

एखाद्या ग्रंथकाराच्या फसलेल्या कृतीला त्याच्या एकंदर मूल्यमापनात किती वजन द्यावे, हा टीकाशास्त्रातील जुना प्रश्न आहे. क्रिकेटच्या टीकेत तो क्वचितच विचारला जातो. कारण तेथे आकडे बोलतात, टीकाकाराने केवळ ऐकावयाचे असते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु आकडेही साक्षीदारासारखेच असतात. विचारावे तेवढेच ते सांगतात. पहलन रतनजी उम्रीगर, अर्थात पॉली उम्रीगर, यांच्या बाबतीत त्यांना योग्य प्रश्न विचारले गेले नाहीत, असे आमचे मत असून तेच येथे मांडावयाचे आहे.

आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने 2009 साली ‘हॉल ऑफ फेम’ या नावाने निवृत्त खेळाडूंचे एक कीर्तिमंदिर स्थापिले. बेदी, गावस्कर व कपिल देव हे त्यात प्रथम विराजमान झाले. पुढे कुंबळे, द्रविड, तेंडुलकर, मंकड आदींची त्यांत भर पडली. 2025 च्या निवडीअखेर तेथे 11 भारतीय आहेत. उम्रीगर त्यांत नाहीत. 28 मार्च 1926 रोजी सोलापुरास जन्मलेला हा पारशी फलंदाज 1948 पासून 1962 पर्यंत 59 कसोटी सामने खेळला. निवृत्तीच्या वेळी सर्वाधिक सामने, सर्वाधिक धावा (3631) व सर्वाधिक शतके (12) हे तिन्ही भारतीय विक्रम त्याच्या नावावर होते. त्यांतील धावांचा व शतकांचा विक्रम 1978 साली गावस्करांनी मोडीपर्यंत अबाधित राहिला. असा पुरुष उंबरठ्याबाहेर राहावा, यास कारणे असलीच पाहिजेत. ती कारणे तीन आहेत, आणि तिन्ही आदराने तपासण्याजोगी आहेत.

पहिले कारण नियमाचे. फलंदाजास 8000 धावा व 20 शतके, अथवा पन्नासाहून अधिक सरासरी, अशी या मंदिराची सर्वसाधारण अट सांगितली जाते. उम्रीगरांची सरासरी 42.22 आहे, तेव्हा ते कोणत्याच बाजूने बसत नाहीत. परंतु ज्या काळी चौदा वर्षांच्या कारकीर्दीत 59 सामने वाट्यास येत, त्या काळच्या माणसाकडे 8000 धावा मागणे म्हणजे बैलगाडीच्या वाटेवर आगगाडीचा वेग मागण्यासारखे आहे. परिषदेसही हे उमगले असावे. 2021 साली तिने निरनिराळ्या पाच कालखंडांतून प्रत्येकी दोन खेळाडू मुद्दाम निवडले, आणि युद्धोत्तर कालखंडातून विनू मंकड व इंग्लंडचे टेड डेक्स्टर यांना आत घेतले. डेक्स्टर 62 सामने खेळले, 4502 धावा व 9 शतके त्यांनी केली, सरासरी 47.89. ती उम्रीगरांहून सरस आहे, हे मान्य केलेच पाहिजे. तथापि अट तीही पुरी करीत नाही. मंकडांस तर अष्टपैलुत्वाच्या बळावर प्रवेश मिळाला, व तो योग्यच होता. म्हणजे नियमाची भिंत एकदा ओलांडली गेली आहे. आता प्रश्न उरतो तो केवळ गुणांचा.

दुसरे कारण अधिक गंभीर. 1952 च्या इंग्लंड दौऱ्यात चार कसोटींच्या सात डावांत उम्रीगरांनी अवघ्या 43 धावा केल्या. फ्रेड ट्रूमनचा जलद चेंडू येताच ते यष्टी सोडून लेगकडे सरकत, असे त्या वेळी लिहिले गेले, आणि त्यावरून रचलेल्या विनोदी आख्यायिका आजही सांगितल्या जातात. या अपयशावर पांघरूण घालण्याचा प्रयत्न त्यांच्या चाहत्यांनी दोन प्रकारे केला आहे. कोणी म्हणतात, ती मालिका वगळा म्हणजे सरासरी 45 च्या वर जाते. कोणी म्हणतात, त्याच दौऱ्यातील इतर प्रथम श्रेणीच्या सामन्यांत त्यांनी द्विशतकांची रास घातली. हे दोन्ही बचाव आम्हांस मान्य नाहीत. नाटककाराचे पडलेले नाटक वगळून उरलेल्यांची सरासरी काढणे ही टीका नव्हे, वकिली होय. आणि परगण्यांविरुद्धच्या द्विशतकांनी ट्रूमनच्या चेंडूला उत्तर मिळत नाही.

मात्र ते अपयश एकट्याचे होते काय, हे पाहावयास हवे. लीड्सच्या दुसऱ्या डावात धावफलकावर एकही धाव लागण्यापूर्वी भारताचे चार गडी बाद झाले, आणि त्या चौघांत उम्रीगर नव्हते. मँचेस्टरला अख्खा संघ एकाच दिवशी 58 व 82 धावांत दोनदा गारद झाला. खऱ्या वेगाशी त्या पिढीचा परिचयच तुटपुंजा होता. हजारे यांच्यासारखा एखादा धीरोदात्त पुरुष सोडला तर सर्वच डळमळले. लोकस्मृतीने त्या सामुदायिक भीतीचे ओझे एकाच्या, तेही सर्वांत उंचापुऱ्या व बलदंड माणसाच्या, खांद्यावर टाकले. कारण धिप्पाड देह मागे सरकताना अधिक ठळक दिसतो.

यापुढील इतिहास या आख्यायिकेत येत नाही, आणि आमच्या प्रतिपादनाचा भर नेमका त्यावर आहे. पुढल्याच वर्षी वेस्ट इंडीजमध्ये त्यांनी पाच कसोटींत 560 धावा केल्या. 1959 साली ते पुन्हा इंग्लंडला गेले, आणि ज्या मँचेस्टरला नाचक्की झाली होती त्याच मैदानावर, ट्रूमन समोर असताना, त्यांनी 118 धावा काढल्या. सामना हातचा गेला. पण आपल्याच लज्जेच्या जागी परत जाऊन उभे राहण्याचे काम पुरे झाले होते. एप्रिल 1962 मध्ये पोर्ट ऑफ स्पेन येथील कसोटीत वेस्ली हॉलने अवघ्या 20 धावांत पाच बळी घेऊन भारताचा पहिला डाव उधळला. त्या पडझडीत उम्रीगरांनी 56 धावा केल्या. तत्पूर्वी गोलंदाजीत 107 धावांत पाच बळी घेतले होते. आणि फॉलोऑननंतर ते 172 धावा काढून नाबाद राहिले. त्यांस नुकतीच 36 वर्षे पुरी झाली होती. वेगाला भिणाऱ्या माणसाची ही अखेर नव्हे. भीती वाटली नाही असे नाही. ती दहा वर्षे सोबत वागवून जिंकली, हा त्याचा अर्थ.

तिसरे कारण शतकांच्या दर्जाचे. बारांपैकी पाच पाकिस्तानविरुद्ध व एक न्यूझीलंडविरुद्ध. ऑस्ट्रेलियाविरुद्ध एकही नाही. हैदराबादची 223 धावांची खेळी हे भारताचे पहिले कसोटी द्विशतक खरे, परंतु प्रतिस्पर्धी दुबळा होता, हा आक्षेप रास्त आहे. तरी उरलेली सहा शतके इंग्लंड व वेस्ट इंडीजविरुद्धची असून त्यांतील चार परदेशातील आहेत, ही दुसरी बाजूही पारड्यात पडली पाहिजे. शिवाय भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटी विजयात, फेब्रुवारी 1952 मध्ये मद्रासला, त्यांच्या नाबाद 130 धावा होत्या; आणि 1959 च्या डिसेंबरात कानपूरला ऑस्ट्रेलियावर मिळालेल्या पहिल्या विजयात, जसू पटेलांच्या अलौकिक गोलंदाजीशेजारी, दुसऱ्या डावात 27 धावांत चार बळी त्यांचे होते. दोन्ही आरंभांच्या जागी हा माणूस उभा आहे.

निव्वळ शैलीच्या दृष्टीने हजारे व मर्चंट श्रेष्ठ होते, असे कोणी म्हणेल तर आम्ही वाद घालणार नाही. त्यांचाही हक्क मोठा आहे. पण एकाच्या हक्काने दुसऱ्याचा बुडत नाही. कीर्तिमंदिर हे केवळ निर्दोषांचे असेल तर ते रिकामेच राहील. ज्याच्यावाचून एका देशाच्या खेळाचा इतिहास सांगता येत नाही, त्याचे ते असावे. नियामक मंडळाने 2006-07 पासून वर्षातील सर्वोत्तम भारतीय क्रिकेटपटूचा पुरस्कार उम्रीगरांच्या नावाने दिला आहे. ज्याच्या नावाचा मान घेऊन इतरांचा गौरव व्हावा, तो स्वतः दाराबाहेर राहावा, ही विसंगती आहे.

सोलापूरकरांनी हा प्रश्न गावच्या अभिमानाचा करू नये, अशी आमची विनंती आहे. चादरी व गिरण्यांच्या या नगरीस त्यांचे बालपण लाभले, एवढे भाग्य पुरे. अभिमानाने दिलेला दाखला समोरचा ऐकत नाही. 43 धावांपासून 172 धावांपर्यंतचा सबंध हिशेब मांडला तर त्यास ऐकावे लागते. तो हिशेब काही न वगळता मांडल्यावर आमचा निर्णय असा : पॉली उम्रीगर आपल्या काळचे सर्वश्रेष्ठ फलंदाज नव्हते, पण आपल्या काळच्या भारतीय क्रिकेटचा भार सर्वाधिक काळ वाहिला तो त्यांनी, आणि तेवढ्यावरच त्यांस प्रवेश मिळावयास हवा.