कुलूप-किल्लीचे अपुरे चित्र

पेशीवरचा ग्राही म्हणजे कुलूप, संप्रेरक म्हणजे किल्ली. आम्हीही व्याख्यानांत हे चित्र अनेकदा काढले. पण ते अपुरे आहे. अ‍ॅड्रेनॅलिनमुळे हृदयाचा स्नायू जोराने आकुंचन पावतो, श्वासनलिकेचा मात्र सैलावतो. किल्ली तीच, पेशीच्या आत निरोप पोचवणारा चक्रीय एएमपीचा रेणूही तोच! निरोप मिळाल्यावर पेशी काय करते, हे कुलपाच्या चित्रात दिसतच नाही. शिवाय कुलपेही किंचित निराळी : हृदयात मुख्यतः बीटा-१, श्वासनलिकेत बीटा-२. जेम्स ब्लॅक यांनी १९६० च्या दशकात विकसित केलेले प्रोप्रॅनोलॉल दोन्ही अडवते; म्हणून हृदयाचा ताण हलका करणारी ही गोळी दमेकऱ्याचा श्वास कोंडू शकते. सालब्युटामॉल बीटा-२ ला चेतवते, पण तेही ‘मुख्यतः’च. फवारा जास्त झाला की छातीत धडधडते. वर्गातला इन्हेलर बाळगणारा विद्यार्थी हे सांगू शकेल.