चौलमुग्रा तेल : कुष्ठचिकित्सेतील पुराव्याचा एक प्रश्न

त्वग्रोगचिकित्सेच्या इतिहासात चौलमुग्रा तेलाचे प्रकरण बहुधा चार ओळींत आटोपले जाते. सल्फोन औषधे आली आणि तेल मागे पडले, एवढेच तात्पर्य विद्यार्थ्याच्या हाती येते. तेल मागे पडले हे खरे. परंतु ते निरुपयोगी ठरून मागे पडले की काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे असे की, या तेलावर अर्धशतकाहून अधिक काळ विपुल संशोधन झाले, पण ज्या एका प्रश्नाचे उत्तर त्यातून मिळावयास हवे होते तो प्रश्न त्या काळात नीटपणे विचारलाच गेला नाही.

प्रथम परंपरेच्या दाव्याचा विचार करू. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील तेराव्या अध्यायात तुवरकाचे वर्णन आहे व पश्चिम समुद्राच्या किनारी प्रदेशात वाढणारा वृक्ष अशी त्याची ओळख दिलेली आहे. सह्याद्री आणि कोकण यांतील ज्या झाडास आपण कडू कवठ म्हणतो, तेच हे तुवरक असे सामान्यतः मानले जाते. हे ऐक्य मान्य करूनही ‘सुश्रुतकाळापासून सिद्ध झालेले औषध’ असा जो शब्दप्रयोग अनेक लेखांत आढळतो, तो स्वीकारता येत नाही. आयुर्वेदात कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले आहेत, सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे. त्यांत आज ज्यांना आपण गजकर्ण, खरूज, इसब किंवा सोरायसिस म्हणतो, अशा अनेक विकारांचा समावेश होतो. हान्सेनने १८७३ मध्ये बर्गेन येथे ज्याचा दंडाणू पाहिला, तो रोग या अठरांपैकी नेमका कोणता, याविषयी एकमत नाही. शब्द एक आणि रोग अनेक, अशा स्थितीत जुन्या वचनावरून नव्या रोगाच्या औषधाचा निर्णय लागत नाही. मराठीतही महारोग, रक्तपिती, कुष्ठ या शब्दांची सीमारेषा लोकव्यवहारात कधीच काटेकोर नव्हती; पांढऱ्या कोडाच्या माणसालाही कुष्ठी म्हणून वाळीत टाकल्याची उदाहरणे आपल्याकडे अपरिचित नाहीत.

नावांचा घोळ नव्या शास्त्रातही चुकला नाही. १८५४ मध्ये माउअट याने कलकत्त्याहून या तेलाकडे युरोपीय वैद्यकाचे लक्ष वेधले. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक औषधाच्या पुस्तकांतून त्याचा उगम ‘गायनोकार्डिया ओडोराटा’ हा वृक्ष असल्याचे छापले जात होते. ते चूक होते. विसाव्या शतकाच्या प्रारंभी खऱ्या बिया ‘टॅराक्टोजेनस कुर्झाय’ या दुसऱ्याच वृक्षाच्या असल्याचे निश्चित झाले, आणि फ्रेडरिक पॉवर याने १९०४ च्या सुमारास तेलातील चौलमुग्रिक आम्ल वेगळे केले. गायनोकार्डियाच्या तेलात हे आम्ल नसते. म्हणजे, ज्यांनी या नावावर भिस्त ठेवून त्या वृक्षाचे तेल वापरले, त्यांच्या हाती औषध म्हणून दुसरेच द्रव्य होते. तरीही गुण आल्याच्या वार्ता त्या काळात तुटल्या नाहीत! टीकाकाराने येथे थांबून विचार करावयास हवा.

पोटातून घेतलेल्या तेलाने मळमळ व उलट्या होत, म्हणून पुढे सुई पुढे आली. कैरो येथे तॉर्तुलिस बे याने एकाच रुग्णास सुमारे सहा वर्षांत पाचशेहून अधिक इंजेक्शने दिली व रोगी बरा झाल्याचे जाहीर केले. या एका रुग्णाचा दाखला पुढील कित्येक निबंधांतून फिरत राहिला. फिलिपाइन्समध्ये हायझर याने तेलात कापूर व रिसॉर्सिन मिसळले. कलकत्त्यात लिओनर्ड रॉजर्स याने त्याचे सोडियम लवण वापरले. हवाईत ॲलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने तेलातील आम्लांपासून सहज टोचता येतील अशी एथिल एस्टर तयार केली. १९१६ च्या अखेरीस ती चोविसाव्या वर्षी वारली. तिची पद्धत दुसऱ्याच्या नावे प्रसिद्ध झाली, आणि तिच्या श्रेयाची जाहीर दखल हवाई विद्यापीठाने २००० साली घेतली. हा अन्याय होता यात शंका नाही. परंतु अलीकडील लेखनात या अन्यायाच्या परिमार्जनाबरोबरच ‘तिने कुष्ठरोगावरील पहिले गुणकारी औषध शोधले’ असे विधान सर्रास केले जाते, तेव्हा दोन भिन्न गोष्टींची गल्लत होते. बॉल हिने एक कठीण रासायनिक प्रश्न सोडविला. ते द्रव्य रोग बरा करते की नाही, हा प्रश्न रसायनशाळेत सुटणारा नव्हता; तो रुग्णालयात सुटावयाचा होता, आणि तेथे तो सुटला नाही.

का सुटला नाही, हे पाहण्यासाठी रोगाचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. कुष्ठरोग हा एका चालीचा रोग नव्हे. ज्यांची प्रतिकारक्षमता चांगली असते त्यांच्या अंगावर मोजके, स्पष्ट कडांचे, बधिर चट्टे उठतात. हा ट्यूबरक्युलॉइड प्रकार. यांतील पुष्कळ चट्टे, विशेषतः मुलांतील व अगदी आरंभीचे, कसल्याही औषधावाचून मावळतात. ज्यांची क्षमता जवळजवळ नसते त्यांच्या त्वचेत दंडाणूंची बेसुमार वाढ होते. हा लेप्रोमॅटस प्रकार आपोआप बरा होत नाही. या दोन टोकांमधील श्रेणींची सुसंगत मांडणी रिडली आणि जॉपलिंग यांनी १९६६ मध्ये केली. शिवाय रोगाची गती वर्षांनी मोजावी लागते, आणि मधूनमधून येणारी प्रतिक्रिया, म्हणजे चट्ट्यांचे एकाएकी लाल होऊन सुजणे, ओसरली की रोगी सुधारल्याचा भास होतो. अशा रोगात सर्व प्रकारचे रुग्ण एकत्र मोजून ‘इतक्यांत सुधारणा’ असे सांगितले, तर त्या आकड्यातून औषधाचा वाटा किती आणि निसर्गाचा किती, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तेलाचे पुरस्कर्ते वारंवार लिहीत की, रुग्ण जितका तरुण व रोग जितका नवा तितका गुण अधिक. त्यांना हा आपल्या औषधाचा विशेष वाटला. वस्तुतः औषध न घेणाऱ्यांच्या बाबतीतही हेच घडले असते.

तुलनेसाठी औषधाविना ठेवलेला गट नसणे हा म्हणूनच तांत्रिक उणेपणा नव्हता. सगळ्या निष्कर्षाचा पायाच त्याअभावी डळमळीत राहिला. अर्नेस्ट म्यूर याच्यासारखा सचोटीचा चिकित्सक इंजेक्शनांबरोबर चांगला आहार, व्यायाम आणि जंत, हिवताप आदी सोबतच्या रोगांचा इलाज यांवर भर देत असे. रोग्याच्या दृष्टीने हे योग्यच होते. मात्र त्यामुळे गुण कशाचा, तेलाचा की भाकरीचा, हा प्रश्न अधिकच गुंतला.

या गुंत्याची किंमत कोणी दिली? हिंदुस्थानात १८९८ च्या कुष्ठरोग्यांविषयीच्या कायद्याने निर्धन रुग्णास आश्रमात डांबण्याची सोय केली होती. तो कायदा रद्द होण्यास २०१६ साल उजाडले. मुंबईत त्यापूर्वीच, १८९० मध्ये, महापालिका आयुक्त ॲक्वर्थ यांनी माटुंग्याला बेघर कुष्ठरोग्यांचा आश्रम काढला. (शाळिग्रामांच्या साहाय्याने मराठी पोवाडे संग्रहित करणारे ॲक्वर्थ ते हेच; वाङ्मयाच्या अभ्यासकांना ते एका दाराने ठाऊक असतात, वैद्यकाच्या अभ्यासकांना दुसऱ्या.) हवाईत ‘सुधारणा’ झालेल्यांना सशर्त घरी सोडण्यात येई, आणि रोग उलटला की त्यांतील काहींना परतावे लागे. म्हणजे सुधारणेची व्याख्या कागदावर राहणारी नव्हती. माणूस आपल्या घरी झोपणार की बेटावर, हे तीवर ठरत असे. त्यातून सुई अत्यंत वेदनादायक, गळवे नेहमीचीच. चट्ट्यांच्या जागी शेकडो टोचण्या सोसणाऱ्या रुग्णास, हे सोसून काय साधते याचे प्रामाणिक उत्तर मिळावयास हवे होते.

एक गोष्ट मात्र तेलाच्या बाजूने नोंदविली पाहिजे. उपचार आहे एवढ्या वार्तेनेच लपून राहिलेले रुग्ण आपण होऊन दवाखान्यात येऊ लागले. कोंडून ठेवण्याच्या धोरणाऐवजी प्रचार, उपचार व पाहणी यांची जी योजना म्यूर याने आखली, ती या आशेवाचून चालली नसती. वर्ध्याच्या गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाने १९५१ नंतर डॉ. वार्देकरांच्या नेतृत्वाखाली पाहणी, शिक्षण आणि उपचार यांची जी पद्धत रूढ केली तिच्यातही हेच तत्त्व दिसते. फरक इतकाच की, तिच्या हाती सल्फोनची गोळी होती.

सल्फोनचा पुरावा वेगळ्या जातीचा होता. १९४१ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे फॅगे याने प्रोमिन शिरेतून देण्यास आरंभ केला तेव्हा त्यानेही तुलनागट ठेवला नव्हता. पण जो लेप्रोमॅटस रोग आपोआप हटत नाही, त्यात वर्षांचे व्रण भरून आले. येथे रोगाच्या ज्ञात इतिहासानेच तुलनागटाचे काम काही अंशी केले. १९५० नंतर डौल यांच्या मार्गदर्शनाखाली जपान, फिलिपाइन्स व दक्षिण आफ्रिका येथे रुग्णांची यादृच्छिक वाटणी करून व काहींना निष्क्रिय गोळ्या देऊन रीतसर चाचण्या झाल्या. चौलमुग्राला ही कसोटी त्याच्या भरभराटीच्या काळात लाभली नाही.

तथापि सल्फोनच्या यशानेही एक नवा अंधपणा आणला. रोगी सुधारतो हे सिद्ध झाले. सुधारलेल्या शरीरात जिवंत दंडाणू उरतात काय, हे विचारण्यास साधन नव्हते. शेपर्डने १९६० मध्ये उंदराच्या पंजात हा दंडाणू वाढविला आणि ते साधन मिळाले. १९६४ मध्ये पेटिट व रीस यांनी मलायातील रुग्णांत डॅप्सोनला दाद न देणारे दंडाणू सिद्ध केले. एकट्या डॅप्सोनवर विसंबण्याचे दिवस तेव्हाच संपावयास हवे होते. रिफॅम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांची एकत्रित योजना जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९८१ मध्ये सुचविली.

याच उंदराच्या पंजाने चौलमुग्राचा खटला पुन्हा उघडला. लेव्ही याने १९७५ मध्ये चौलमुग्राची आम्ले उंदरांना देऊन पाहिली, तो दंडाणूंची वाढ रोखली गेली. तेव्हा या तेलास सरसकट भाकड ठरविणारेही घाईच करतात. उंदरातील निष्कर्ष माणसाला आपोआप लागू होत नाही; पण जुन्या चिकित्सकांच्या नजरेत काहीच तथ्य नव्हते असेही आता म्हणता येत नाही. या तेलाविषयी ‘असिद्ध’ हाच शब्द योग्य, ‘निरुपयोगी’ नव्हे. आणि तो तसाच राहणार. कारण आज खात्रीचा संयुक्त औषधोपचार उपलब्ध असताना, केवळ जुना वाद मिटविण्यासाठी एखाद्या रुग्णास त्यापासून वंचित ठेवून तेल टोचण्याची परवानगी कोणतीही नीतिसमिती देणार नाही, आणि देऊ नये.