अंतःसार आणि बहिःसार : सरपणाच्या रूपकाची एक तौलनिक तपासणी

कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधोमध वसलेले कुंभकोणम हे मराठी-तमिळ संबंधांच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. तंजावरची मराठी राजवट 1855 मध्ये संपली. परंतु तिच्या काळात या परिसरात स्थिरावलेली मराठी घराणी आणि जवळच्या मरुदनल्लूरच्या सद्‌गुरुस्वामींनी घडविलेल्या भजनपद्धतीत गायिले जाणारे मराठी अभंग यांमुळे दोन्ही भाषांचा सहवास पुढेही टिकला. या सहवासाचा विचार आजवर बहुधा राजघराणे, ग्रंथालय, संगीत आणि भक्ती या अंगांनी झाला आहे. प्रस्तुत लेखात त्याहून साधी वस्तू हाती घेतली आहे, ती म्हणजे तोडलेले लाकूड. चुलीसाठी सरपण फोडणे आणि घरासाठी ओंडका चिरून फळ्या काढणे ही दोन कामे दोन्ही भाषांच्या साहित्यात रूपक होऊन येतात. त्या रूपकांत श्रम करणारा माणूस कुठे उभा आहे, एवढाच येथे प्रश्न आहे.

प्रथम लाकडाविषयी. कावेरीचा त्रिभुज प्रदेश भातशेतीचा आहे. येथे दाट अरण्य नाही. बांधावरचा ताड, परसातला नारळ, बांबूची बेटे, पडीक जमिनीवरची वेडी बाभूळ आणि मुद्दाम लावलेला सुरू यांवर येथील जळणाची आणि किरकोळ बांधकामाची गरज भागत आली आहे. 16 नोव्हेंबर 2018 रोजी गज चक्रीवादळ या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा तंजावर जिल्ह्यात आणि शेजारच्या भागांत नारळाची असंख्य झाडे उन्मळून पडली. नारळाचा असा ओंडका चिरताना कारागिराला नेहमीचा हिशेब उलटा करावा लागतो. साग किंवा बाभूळ चिरताना सालीलगतचे कोवळे, फिके लाकूड बाजूला काढतात आणि आतला गर्द गाभा राखतात. नारळात आणि ताडात टणक भाग बाहेरच्या कड्यात असतो, तर आत मऊ, तंतुमय भुसा. तेथे कडेच्या फळ्या राखायच्या आणि गाभा टाकून द्यायचा.

करवतीखाली उमगणारा हा भेद तमिळ व्याकरणपरंपरेने फार पूर्वीच नोंदवून ठेवला आहे. ‘तोल्काप्पियम्’ या ग्रंथातील ‘मरबियल’ या प्रकरणात वनस्पतींची विभागणी कठीणपणाच्या जागेवरून केली आहे : ज्यांचा टणकपणा आत, ती झाडे, ज्यांचा टणकपणा बाहेर, ते गवत. या न्यायाने उंचच उंच ताड, नारळ आणि बांबू हे सारे गवतच ठरतात. संस्कृत कोशकारही या निरीक्षणाजवळ पोहोचले होते. अमरकोशात ताडाला ‘तृणराज’ आणि बांबूला ‘त्वक्सार’ म्हटले आहे. ‘सार’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ लाकडाचा गाभा असा आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘त्वक्सार’ या शब्दातील नेमकेपणा जाणवतो : ज्याचे सार त्वचेतच आहे, तो. ही विभागणी वनस्पतींची आहे. तिच्या आधारे साहित्यकृतींकडे पाहता येईल काय, हे आता तपासू.

अभिजात परंपरेतील दोन दाखले घेऊ. शके 1212 मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात भक्ताची समता सांगताना वृक्षाचा दृष्टांत येतो. रोप लावून वाढविणारा आणि कुऱ्हाड घेऊन आलेला, असा भेद वृक्ष आपली छाया देताना करीत नाही. तिरुक्कुरळच्या क्षमाविषयक अधिकारातील पहिल्या द्विपदीत खणणाऱ्यालाच तोलून धरणारी भूमी येते. आशयाच्या दृष्टीने ती ज्ञानदेवांच्या वृक्षाची बहीणच म्हणावी लागेल. परंतु त्याच ग्रंथात शत्रुत्वाची पारख सांगणाऱ्या अठ्ठ्याऐंशीव्या अधिकारात काटेरी झाडाचा दाखला आहे. ते कोवळे असतानाच तोडावे. गाभा धरल्यावर तोडू गेल्यास तोडणाऱ्याचाच हात जायबंदी होतो. तेथे झाड तोडण्यासाठी ‘मारणे’ या अर्थाचे क्रियापद योजले आहे आणि त्याच धातूचे रूप पुढे हाताच्या बाबतीत परतते. पकलेल्या बाभळीवर कुऱ्हाड चालविणाऱ्याच्या तळव्याला जो हिसका बसतो, त्याची खूण या पुनरुक्तीत आहे.

या दोन दृष्टांतांतील अंतर लक्षणीय आहे. ज्ञानेश्वरीत वृक्षाचे शील दिसते. तोडणारा निंदिला जात नाही. उलट सावलीची गरज त्यालाही आहे, अशी करुणा त्या योजनेत आहे. कुरळमध्ये तोडणाऱ्याचा हात दिसतो. मात्र तो हात राज्यकर्त्याचा आहे. लाकूडतोड्याचे कसब तेथे नीतीला उसने दिले आहे. दोन्हीकडे झाड अंतःसार आहे, आणि रूपकाचा अर्थही गाभ्यातच साठविलेला आहे. बाहेरचे घाव, साल आणि श्रम हा त्या गाभ्यापर्यंत जाण्याचा केवळ मार्ग ठरतो.

कुरळ मराठीत आणण्याचे काम साने गुरुजींनी केले. तमिळशी त्यांचा परिचय कावेरीकाठच्याच तिरुचिरापल्लीच्या तुरुंगात वाढला होता. अशा भाषांतरात एक अडचण अटळ असते. तमिळमध्ये ‘मरम्’ हा एकच शब्द उभ्या झाडालाही चालतो आणि चिरलेल्या लाकडालाही. जळणासाठी मात्र ‘विरगु’ हा वेगळा शब्द आहे. मराठीत कुऱ्हाड पडताच झाडाचे लाकूड होते, आणि चुलीकडे वळताच त्याचे सरपण. तमिळ शब्द फळीतही झाडाची ओळख राखतो, तर मराठी शब्दमालिका प्रत्येक टप्प्यावर झालेल्या कामाची नोंद ठेवते. म्हणजे श्रमाची खूण मराठीच्या शब्दसंग्रहात होतीच. काव्याने तिचा दृष्टांत केला, विषय केला नाही.

तो विषय झाला विसाव्या शतकाच्या अखेरीपासून आलेल्या दलित स्त्रियांच्या आत्मकथनांत. बामा यांचे ‘करुक्कु’ 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. ‘करुक्कु’ म्हणजे ताडाच्या झावळीच्या देठाची करवतीसारखी दातेरी कड. लहानपणी सरपण वेचायला गेल्यावर या कडांनी अंगावर ओरखडे उठत, आणि तेच पुढे या पुस्तकाचे बीज झाले, असे लेखिकेने प्रस्तावनेत सांगितले आहे. ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’च्या (2003) आरंभी रत्नागिरीच्या बाजाराकडे डोंगरवाटेने निघालेल्या बायका आहेत; त्यांच्या डोक्यावर लाकडांच्या मोळ्या आहेत, गवताचे भारे आहेत. आयदान म्हणजे बांबूपासून विणलेली वस्तू. ते विणणारी आई या कथनाच्या केंद्रस्थानी आहे.

दोन्ही शीर्षके तोल्काप्पियमच्या दृष्टीने गवताची आहेत. एक ताडाचे, दुसरे बांबूचे, दोन्ही बहिःसार. दोन्ही लेखिकांनी हे व्याकरण समोर ठेवून शीर्षक निवडले, असा दावा येथे नाही. परंतु कोकणातील आणि दक्षिण तमिळनाडूच्या कोरडवाहू भागातील दोन कथने एकमेकींपासून स्वतंत्रपणे ज्या वनस्पतींकडे वळतात, त्यांचे सारे बळ सालीत आणि कडेला असावे, हा योगायोग वाचनाला दिशा देणारा आहे. येथे अर्थ आतल्या गाभ्यात राखलेला नाही. तो कातडीवरच्या ओरखड्यात आहे, मोळीखाली दुखणाऱ्या मानेत आहे, बांबू सोलणाऱ्या बोटांत आहे. समाजरचनेतही ही माणसे कडेलाच राहिली. ज्याला परंपरेने झाड म्हणून मान दिला नाही, त्याच्या कडेतूनच टिकाऊ फळी निघते, हे कारागीर जाणतो.

यावर आक्षेप संभवतो, की मध्ययुगीन भक्तिकाव्याकडे आणि प्राचीन नीतिकाव्याकडे श्रमाच्या वास्तवाचा हिशेब मागणे हा कालविपर्यास आहे. आक्षेपात तथ्य आहे. ज्ञानदेवांचा वृक्ष लाकूडतोड्याविषयी काही सांगण्यासाठी उभा केलेला नाही. तथापि दृष्टांत ज्या अनुभवातून उचलला जातो, तो अनुभव कवीच्या आणि श्रोत्यांच्या परिचयाचा असावाच लागतो. घाव घालणारा तेथे होता, म्हणून दृष्टांत पटला. त्याला नंतरच्या वाङ्मयात स्वतःचा आवाज मिळाला, तर जुना दृष्टांत खोटा ठरत नाही. त्याच्या बाजूला आणखी एक साक्षीदार येऊन उभा राहतो. सावलीत बसलेल्या त्या माणसाची मोळी कोणाच्या चुलीसाठी होती, हे आता आपण विचारू शकतो.

तौलनिक अभ्यासात मराठी-तमिळ प्रभावांचा शोध चालू राहावाच. त्याबरोबर एकाच वस्तूवर दोन भाषांनी केलेल्या कामाची तुलनाही व्हावी, असे येथे सुचवायचे आहे. भजनात अभंग म्हणणारे आणि नारळाचा ओंडका कडेने चिरणारे या एकाच परिसरात नांदतात. पहिल्यांच्या परंपरेवर आपण पुष्कळ लिहिले आहे. दुसऱ्यांच्या हातातील ज्ञान तोल्काप्पियमच्या काळी व्याकरणात शिरू शकले. आजच्या समीक्षेत त्याला जागा मिळू नये, असे मानण्याचे कारण दिसत नाही.