दोन नावांमधली रेघ

संताजी-धनाजी ही नावे आपण एका दमात उच्चारतो. मोगलांची घोडी पाणी पिताना बिचकली की ‘पाण्यात संताजी-धनाजी दिसतात काय?’ असे विचारले जाई, ही आख्यायिका पोराटोरांनाही ठाऊक असते. १९६८च्या मराठी चित्रपटाचे नावही ‘धन्य ते संताजी धनाजी’. या दोघांमधले वैर मात्र त्या जोडशब्दात बुडून गेले. ते पडद्यावर यायला हवे, हे मला रिडले स्कॉट यांच्या ‘द ड्युएलिस्ट्स’मुळे (१९७७) प्रकर्षाने जाणवले.

जोसेफ कॉनरॅड यांच्या कथेवरचा हा चित्रपट नेपोलियनच्या सैन्यातील दुबेर आणि फेरो या दोन अधिकाऱ्यांचा. १८०० साली एका क्षुल्लक निमित्ताने सुरू झालेले त्यांचे द्वंद्व १८१६पर्यंत चालते. शेवटी मूळ कारणाला काही अर्थच उरत नाही. स्कॉट सकाळच्या कोवळ्या उजेडात रम्य देखावे उभे करतात आणि त्यातच माणसांना धापा टाकायला, रक्ताने माखायला लावतात. वैराचे सौंदर्य ते दाखवतात, पण त्याला मोठेपणा देत नाहीत.

माझ्या मते, चित्रपटाचे मर्म सैन्याच्या नियमांत आहे. हुद्दा वेगळा असेल तर द्वंद्व नाही, लढाई चालू असेल तरी नाही. म्हणजे बढती आणि युद्ध हेच दुबेरचे संरक्षण. ही शिस्त वैर मिटवत नाही. ते दोन देहांपुरते ठेवते, इतकेच.

आपल्याकडे अशी चौकट नव्हती. सरदारांच्या फौजा त्यांच्या स्वतःच्या शब्दावर चालत. दोड्डेरीला कासिमखानाचा धुव्वा उडवणाऱ्या संताजी घोरपड्यांचे राजाराम महाराजांशी बिनसले आणि १६९६मध्ये सेनापतिपद धनाजी जाधवांकडे गेले. त्याच वर्षी आयेवारकुटीला दोघांच्या फौजा भिडल्या. महाराज धनाजींच्या बाजूला होते. धनाजींच्या बाजूने लढणारे अमृतराव निंबाळकर पकडले गेले आणि संताजींनी त्यांना हत्तीच्या पायी दिले. दुसऱ्या दिवशी तेच संताजी हात बांधून महाराजांपुढे उभे राहिले, असा वृत्तान्त आहे. १६९७मध्ये अमृतरावांचे मेहुणे नागोजी माने यांनी संताजींना मारून सूड घेतला. मस्तक औरंगजेबाकडे गेले. ज्या शत्रूला हे दोघे मिळून जेरीस आणत होते, त्याला ते आयते मिळाले.

फेरोच्या हातून फार तर एक दुबेर मेला असता. इथे पणाला लागलेले प्राण शिलेदार-बारगिरांचे होते. कालपर्यंत एकाच झेंड्याखाली लढलेल्या स्वाराने आज कोणाकडे जायचे? हा प्रश्न आपल्या ऐतिहासिक चित्रपटाला परवडत नाही, कारण त्याची मांडणी ‘आपले’ आणि ‘परके’ यांवर उभी असते. घरभेद आलाच, तर तो एका फितुराच्या माथी मारून मोकळे होता येते. इथे तर दोघेही शूर आणि दोघेही स्वराज्याचे.

दादासाहेब फाळक्यांच्या या नाशिक जिल्ह्यात राहून मराठी चित्रपटाकडून इतकी अपेक्षा करणे वावगे ठरू नये. दुबेर शेवटी फेरोचे प्राण न घेता त्याला ‘मृत’ ठरवतो आणि वैर संपवतो. संताजींना तशी संधी मिळाली नाही. तो चित्रपट निघाला, तर त्याला शेवटी जयघोष घालता येणार नाही. बांधलेल्या हातांनी उभा असलेला सेनापती दाखवून थांबला, तरी पुरे.