डॅफोडिल्सचे शब्दार्थ

इंग्रजी कवितेचा तास आला की आमच्या पालघर-बोईसरकडची वरच्या वर्गातली मुले आधी गाइड उघडतात. डावीकडे कठीण शब्द, उजवीकडे सोपा. तेवढे पाठ झाले की कविता झाली! त्या गाइडाच्या भरवशावर 'होस्ट' म्हणजे यजमान असे घोकून वर्ड्‌स्वर्थच्या डॅफोडिल्सकडे जावे, तर ती फुले पाहुण्यांना चहापाणी विचारू लागतात. कवीला अभिप्रेत आहे तो सैन्यासारखा दाटलेला समुदाय.

डॅफोडिल इकडे कुणी पाहिलेले नाही, ही अडचण मला मोठी वाटत नाही. पाऊस सरता सरता उमरोळीच्या आसपास टाकळा फुलतो. तो पिवळा पट्टा ज्याने गाडीच्या खिडकीतून पाहिला, त्याला फार सांगावे लागत नाही. अडते ते शब्दापाशी.

ही कविता १८०७ साली प्रथम छापली गेली, तेव्हा फुलांच्या त्या मेळ्याला कवीने 'लाफिंग' म्हटले होते. साधा, हसरा शब्द. १८१५ च्या आवृत्तीत त्याने तो खोडून 'जोकंड' घातला. म्हणजे पहा, कठीण शब्दाच्या जागी सोपा घाला असे आपण मुलांना सांगतो, आणि कवीने केले ते नेमके उलट! 'जोकंड' खोडून सोपा शब्द लिहिणारा विद्यार्थी नकळत कवीच्या पहिल्या पाठाजवळ जातो.

ही दुरुस्ती मला पटत नाही. कवीची बहीण डोरोथी १५ एप्रिल १८०२ रोजी त्या सरोवराकाठी त्याच्याबरोबर होती (कवितेतला कवी एकटाच भटकतो, ही गंमत वेगळी!), आणि फुले वाऱ्याबरोबर हसत असल्यासारखी वाटली हे तिने रोजनिशीत नोंदवले आहे. तेव्हा तो शब्द डोळ्यांनी पाहिलेला होता. 'जोकंड' पुस्तकातून येतो. ग्रेच्या १७५१ सालच्या सुप्रसिद्ध विलापिकेत शेतकरी औत हाकतात तेही याच शब्दाने. आणि १८०० च्या प्रस्तावनेत ग्रेच्या काव्यभाषेवर कोरडे ओढून, कवीने माणसांची रोजची भाषा वापरावी असे बजावणारा हाच वर्ड्‌स्वर्थ! 'हसरी मंडळी' काढून 'प्रमुदित मंडळी' लिहावे, तसे झाले.

त्याच वेळी केलेली दुसरी दुरुस्ती मात्र उत्तम. पहिल्या कडव्यातली फुले आधी नुसती 'नाचरी' होती, ती 'सोनेरी' झाली. पुढे तो देखावा म्हणजे संपत्ती होती असे कवी म्हणतो, त्याची तयारी या सोन्याने होते.

दोन्ही पाठ फळ्यावर लिहून मी वर्गाला निवड करायला सांगतो. तारापूरच्या किनाऱ्यावरची एक मुलगी म्हणाली, "सर, हसरीत तोंड दिसतं, दुसऱ्यात काहीच दिसत नाही." याहून चांगली टीका मी करू शकलो नसतो.

शेवटच्या कडव्यात 'व्हेकंट' येतो. गाइडात अर्थ : रिकामे. बोईसरला कारखान्यांत कामाला आलेल्या परप्रांतीय कुटुंबातला एक मुलगा उठून म्हणाला, "हा शब्द आमच्या चाळीत दारावर असतो. खोली रिकामी आहे, कुणीतरी राहायला येणार आहे." आणि कवितेत पुढे तेच तर होते, त्या रिकाम्या मनात फुले राहायला येतात.

परीक्षेत त्याने 'रिकामे' एवढेच लिहिले. एक गुण मिळाला.