कोतवालास काढावें केव्हां?

विजय तेंडुलकर यांचें ‘घाशीराम कोतवाल’ हें नाटक १६ डिसेंबर १९७२ रोजीं पुण्यास प्रथम रंगभूमीवर आलें. नाना फडणविसांच्या बदनामीविषयीं त्या वेळीं जो वाद माजला तो आम्हांस येथें उकरावयाचा नाहीं. नाटक इतिहासाचें नव्हे, असें लेखकानेंच सांगून ठेविलें आहे. आमची तक्रार निराळी आहे. हाताखालच्या माणसास ठेवावें कीं काढावें, हा या कथेंतला खरा अवघड प्रश्न नाटककारानें फार स्वस्तांत सोडविला आहे.

नाटकांतला नाना कोतवाली देतो ती घाशीरामाच्या मुलीच्या मोबदल्यांत. आणि देतांनाच आपलीं पापें त्याच्या खातीं पडतील हा हिशेब करून देतो. मग लोक खवळून वाड्यावर आले तेव्हां त्याला विचार करण्याजोगें उरतें काय? एक सही, आणि माणूस जमावाच्या हवालीं. ब्राह्मणांच्या त्या हलत्या भिंतीमुळें प्रसंग रंगतो उत्तम, हें आम्ही आनंदानें कबूल करतों. पण धनी मुळांतच लबाड ठरविला कीं निर्णयाची अडचण संपलीच.

इतिहासांतील हकीकत याहून अडचणीची आहे. घाशीराम १७७७ सालीं कोतवाल झाला आणि ऑगस्ट १७९१ पर्यंत, म्हणजे चौदा वर्षांहून अधिक काळ, त्या जागीं राहिला. शहरचा बंदोबस्त, बाजारचीं वजनेंमापें, चोरांचा तपास हीं सारीं कोतवालीचीं कामें. जो माणूस दिवाणास रात्रीं निर्धास्त झोंपूं देतो, त्याच्याविरुद्धची कागाळी कानाआड करणें किती सोपें! कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकीं २१ जण गुदमरून मेले, तेव्हांही नानांनीं प्रथम कोतवालाचेंच म्हणणें खरें मानिलें, असें सांगतात. आणि नाना तर कर्तबगार, सावध कारभारी! नाटकांतल्या सौद्यापेक्षां आम्हांस हेंच अधिक भयंकर वाटतें.

ही अडचण कांहीं दिवाणांनाच येते असें नाहीं. आमच्या भाईंदरास पूर्वेकडे स्टीलच्या भांड्यांचे लहान लहान कारखाने आहेत. तेथील एखाद्या मालकास विचारून पाहावें. (कॉलेजांतील विभागप्रमुखास विचारलें तरी चालेल; ती जात आम्हांस अधिक परिचित आहे.) मुकादम कामगारांस छळतो असें कानावर येतें, पण माल वेळेवर निघतो. त्याला काढावा तर उद्यां काम कोण पाहणार? न काढावा तर तक्रार घेऊन आलेला गरीब पुन्हां तोंड उघडणार नाहीं. शिवाय तक्रार खरी कीं द्वेषाची? मुकादमासही पोट आहे. त्याचें म्हणणें ऐकून घेणें प्राप्तच आहे.

ही घालमेल तेंडुलकरांनीं दोनदां टाळली आहे. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ या १९६७ च्या नाटकांत बेणारेबाईंची नोकरी जाते. बाई शिकवितात चांगल्या. पण संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब शिंदे त्यांना काढावयास निघतात तें खाजगी आयुष्यावरून. तो निर्णय आपणांस कळतो तोही टेलिफोनवर दुसऱ्यानें ऐकलेल्या बोलण्यांतून. नानासाहेब रंगभूमीवर येतच नाहींत. तेथें चांगलें काम करणारी क्षणांत जाते, येथें क्रूर माणूस वर्षानुवर्षें टिकतो, आणि दोन्ही वेळां निर्णय करणाऱ्याचें मन आपणांपासून झांकलेलें राहतें. बेणारेबाईंचें मन इतकें उघडें करून दाखविणाऱ्या लेखणीस एका नानाचें मन जड गेलें नसतें. अर्ज पुढ्यांत, कोतवालीचा चोख हिशेब शेजारीं, दिवा मंद झालेला, आणि नाना एकटा, असा एक प्रवेश आम्हांस हवा होता.