‘प्रेषित’ : कल्पित आणि पुरावा

डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘प्रेषित’ या कादंबरीत मानवाचा परग्रहावरील बुद्धिमान जीवसृष्टीशी संबंध येतो. तिचे मूल्यमापन केवळ कल्पनेच्या नवलाईवर करणे अपुरे वाटते. याच लेखकाच्या नेतृत्वाखाली २००५ मध्ये इस्रोच्या साहाय्याने हैदराबादहून बलून सोडून २० ते ४१ कि.मी. उंचीवरील हवेचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांत जीवाणूंच्या ३ नव्या प्रजाती आढळल्याचे २००९ मध्ये जाहीर झाले. त्या अतिनील किरणांना अधिक प्रतिकार करणाऱ्या होत्या; तरीही त्या पृथ्वीबाहेरून आल्या, असा निष्कर्ष काढला गेला नाही. कादंबरीत जे घडून जाते, ते प्रयोगात प्रश्न म्हणूनच उरते. विज्ञानसाहित्याच्या अध्यापनात हे अंतर स्पष्ट केले पाहिजे. अन्यथा विद्यार्थी कल्पितालाच पुरावा मानतील.